तिसरा ठिपका

दोन फेब्रुवारी, सोमवार. त्या दिवशीचं काम: एका जुन्या अँबेसेडरच्या पुढच्या चाकांचं सगळं सामान उतरवणं. शॉक अब्सॉर्बर, बुश, आर्म सगळं नवं घालायचं आणि स्टिअरिंगला विजेच्या मोटरची जोड द्यायची, म्हणजे वळण घेताना मालकाला दंडाचा जोर लावावा लागणार नाही. मालक पारस, तिशीतला, सांगलीतल्या एका हळदीच्या व्यापाऱ्याचा नातू. आजोबांची गाडी मोडीत घालायची नाही, पण आजोबांच्या वेळेसारखी झुंजत चालवायचीही नाही, असं त्याचं म्हणणं. बरोबर आहे. जुन्या गाड्यांचं कौतुक करणारे बरेच लोक ती चालवत नाहीत, नुसती पुसत बसतात.

विश्रामबागेत माझं व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे, अठरा वर्षं झाली. गाडी फाटकातून आत येतानाच नंबरावरून मी ती ओळखली. काम नको म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. जेवणाआधी उजव्या चाकाचा आर्म सोडवला. आर्म म्हणजे चाकाला वळवणारा लोखंडी हात. स्टिअरिंगकडून आलेली दांडी त्याच्या टोकाला नटानं जोडलेली असते आणि नट फिरून सुटू नये म्हणून त्यात आडवी पिन घालून तिची टोकं वाकवतात. इतक्या वर्षांचं ग्रीस आणि धूळ मिळून त्यावर डांबरासारखा थर झाला होता. डिझेलच्या फडक्यानं पुसला. नटाच्या भोकाशेजारी तीन ठिपके निघाले. दोन एका रेषेत, सारख्या खोलीचे. तिसरा बाजूला सरकलेला, तिरका, जास्त खोल.

तो तिसरा ठिपका कसा पडला ते मला माहीत आहे. या प्रकरणात तेवढंच सांगायचं आहे, पण नुसतं तेवढं सांगून कुणाला काही कळणार नाही, म्हणून घरापासून सुरुवात करते.

कराडशेजारच्या मलकापुरात हायवेला लागून आमचं गॅरेज होतं. पुढं गॅरेज, मागं घर, दोन्ही एकाच पत्र्याखाली. मधे एक भिंत, भिंतीला दार, दाराला उंबरा. घरात कुठंही बसलं तरी गॅरेजमधे काय चाललंय ते कानांनी कळायचं. गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यावर घण पडला की भांड्यांच्या फळीवरचे पेले किणकिणायचे. कॉम्प्रेसर भरत आला की त्याचा आवाज चढत जायचा आणि एकदम थांबायचा, आणि त्या थांबण्यानं लहानपणी मी झोपेतून जागी व्हायचे. आई दुष्काळी माणातली, दहिवडीकडची. दारात नळ आला तरी ती पाणी तांब्यानं मोजूनच वापरायची आणि आम्ही हात धुताना शेजारी उभी राहायची. बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, लाल मिरचीचा खर्डा, हे आमचं जेवण. आमच्या भाकरीला ग्रीसचा वास येतो असं शेजारच्या बायका म्हणायच्या. आम्हाला कधी आला नाही. आमच्या अंगालाच तो होता.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. फौजेच्या वर्कशॉपात पंधरा वर्षं काढून ते परतले ते दोन गोष्टी घेऊन: सगळ्या घराला पहाटे उठवायची खोड आणि ठिपके. आमच्याकडं स्टिअरिंगचं किंवा चाकाचं काम झालं की करणाऱ्यानं त्या जागी पंचानं, म्हणजे टोकदार पोलादी कांडी ठोकून, आपली खूण मारायची. दादांचा एक ठिपका, माझा धाकटा भाऊ दत्ता याचे दोन. गाडी काही तक्रार घेऊन परत आली तर वाद नको, ठिपके बघायचे. गिऱ्हाइकांनाही हे ठाऊक होतं आणि दादांना त्याचा भारी अभिमान होता. "इंजान बंद पडलं तर गाडी हुबी ऱ्हाती," ते म्हणायचे. "ह्ये सुटलं तर हुबी ऱ्हात न्हाई. म्हनून हितं मानसाचं नाव पायजे."

मला काम कुणी मुद्दाम शिकवलं नाही. दादा दत्ताला शिकवायचे, मी बॅटरीचा उजेड धरायचे. चाक उचलायचं, वर-खाली हात धरून हलवायचं, मग डावी-उजवीकडं हात धरून हलवायचं. वर-खाली खडखडलं तर दुखणं चाकाच्या पोटात, आडवं खडखडलं तर स्टिअरिंगच्या सांध्यात. दत्ताला ते आवाजावरून कळायचं, म्हणजे बहुतेकदा कळायचं नाही. मला तळव्यात कळायचं. सोळाव्या वर्षी एका जीपचा सांधा मी दादांच्या आधी सांगितला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग दत्ताकडं बघितलं, आणि माझ्या हातात पाना दिला. पुढची दोन वर्षं मलकापुरात आलेल्या बहुतेक गाड्यांची पुढची बाजू मी जोडली. कॉलेज सकाळचं असायचं, दुपारनंतर मी गाडीखाली.

एक दिवस मी विचारलं, "दादा, माझे किती ठिपके?"

"तुला कशाला ठिपका? आज हायस, उद्या दुसऱ्याच्या घरी. ठिपक्यावाला मानूस जाग्यावर पायजे. गिऱ्हाइकानं परत येऊन धरायचं कुनाला?"

यात खोट काढायला जागा नव्हती. म्हणून मी काम संपवायचे आणि दत्ता पंच घेऊन यायचा. "आक्का, सही करू का?" असं हसत विचारायचा आणि मारायचा. टक्, टक्. लोक म्हणायचे, शंकरच्या पोराचा हात लय साफ. दत्ता लाजायचाही नाही. तो वाईट नव्हता. कुणी काही दिलं की घ्यायची सवय होती त्याला, आणि घरानंच ती लावली होती.

अजून एक गोष्ट सांगायला हवी, तिच्यावर सगळं अडतं. दादांच्या हत्यारांच्या पेटीला झाकणाच्या आतून खंडोबाचा फोटो चिकटवलेला होता. रोज सकाळी पेटीला उदबत्ती. त्यामुळं महिन्यातले चार दिवस मला पेटीला, पान्याला, कामावरल्या गाडीला हात लावायची बंदी. चूल नाही, पाण्याचा माठ नाही, गॅरेजचा उंबरा नाही. मागच्या पायरीवर पोतं टाकून बसायचं. आई म्हणायची कावळा शिवला. दादा काहीच म्हणायचे नाहीत. कुणी गिऱ्हाइकानं विचारलंच तर सांगायचे, "सुमी गावाला गेलीया." मी दहा पावलांवर बसलेली असायचे. बाजूच्या बोळातून येणाऱ्याला दिसायचेही. त्या वयात मला ते विनोदी वाटायचं.

आण्णा, म्हणजे आजच्या पारसचे आजोबा, सांगलीहून गाडी आमच्याकडंच पाठवायचे. पांढरी टोपी, कडक इस्त्री, मोजकं बोलणं. त्यांचा ड्रायव्हर बंडूमामा त्याच्या उलट, घरात शिरताच आईला "वैनी, माडगं हाय का?" विचारणारा. त्या खेपेला स्टिअरिंग जड झालं होतं आणि चाक एका बाजूला ओढत होतं. बंडूमामा गाडी सोडून पाहुण्यांकडं कराडला गेला. पहिल्या दिवशी मी सगळं उतरवलं, धुतलं, कागदावर ओळीनं मांडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला बाजूला बसावं लागलं. दादा एका लग्नाला साताऱ्याला गेलेले, मुक्कामाला. जोडायचं काम दत्ताकडं आलं. संध्याकाळी कबड्डीचे सामने होते. पायरीवर बसून मी ऐकत होते: जॅक उतरला, टक्, टक्, पेटी बंद, सायकलची घंटी. फार लवकर झालं, असं मनात आलं. बघायला जाता येत नव्हतं. उद्या दादा गाडी फिरवूनच देतील, असंही मनात आलं.

बंडूमामा दादांच्या आधी आला, सकाळी आठला. किल्ली आईनं दिली. बोळातून मागं येऊन त्यानं माझ्याकडं प्यायला पाणी मागितलं. मी म्हटलं, "मामा, मी नाही देऊ शकत, आईला सांगते." तो म्हणाला, "असूं दे, असूं दे," आणि आईच्या हातचं पाणी पिऊन गेला. गाडी हायवेला लागल्याचा आवाज मी ऐकला. गिअर त्यानं छान बदलले होते.

पेठ नाक्याच्या अलीकडं दांडी निसटून उजवं चाक सुटं झालं. गाडी बाभळीवर गेली. बंडूमामाचा गुडघा स्टिअरिंगखाली चेपला. त्याला मिरजेच्या दवाखान्यात हलवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, माझ्या बाजूला बसण्याच्या तिसऱ्या दिवशी, ट्रॅक्टरनं ओढत गाडी आमच्या दारात आली.

दत्ता चुलीपाशी आईजवळ रडत होता. भिंत पातळ होती. "आई, पिन तुटली गं. दुकान बंद झालंतं. मी खिळा वाकवून घातलाता. सकाळी बदलनार हुतो."

"हळू बोल," आई म्हणाली.

मग दादा आत आले, त्यांचं आणि आईचं बोलणं मला ऐकू आलं नाही. दुपारी वीज गेली, कॉम्प्रेसर बंद पडला, आणि त्या शांततेत गॅरेजमधून एकच आवाज आला. टक्. काम कुणाचंच चालू नव्हतं. पंचाचा आवाज मी झोपेतही ओळखला असता, आणि तो आमच्याकडं एकटा फक्त दादांचाच व्हायचा. मला वाटलं, दत्तानं केलेलं काम ते आपल्या अंगावर घेतायत. मला त्यांचा अभिमान वाटला. तो किती वेळ वाटला ते सांगते: आण्णा येईपर्यंत, तास-दीड तास.

आण्णा चारला आले. त्यांना दिवस मावळायच्या आत जेवायला घरी पोचायचं असायचं, म्हणून ते कुठंही घाईतच यायचे. "शंकर, ठिपके दाव."

दादांनी बॅटरी धरली. "तीन हायत."

"तीन कुनाचं? मला तू एक आन् दोनच सांगितलंवतंस."

"पोरीचं." आणि दादांनी हाक मारली, "सुमे, हिकडं ये!"

मी उंबऱ्यापर्यंत गेले आणि थांबले. पुढं जाता येत नव्हतं. पुढं पेटी होती.

"आत ये की," आण्णा म्हणाले.

मी हलले नाही. आण्णांनी माझ्याकडं नीट बघितलं, मग मान हलवली. "बघ, पाय उचलंना. मनात खातंय तिच्या. पोरीच्या हातात चाकं दिलीस व्हय रं शंकर? मानसं बसत्यात गाडीत."

"हौस हुती तिला. मी लाड केलं. चुकलं, आण्णा. आजपासनं बंद."

दत्ता ट्रॅक्टरच्या चाकाकडं बघत उभा होता. आई माझ्या मागं होती, शिवाशीव होऊ नये म्हणून हातभर अंतर ठेवून. मी वळून तिच्याकडं बघितलं. मी काय मागत होते ते तिला कळलं, यात मला आजही शंका नाही. ती म्हणाली, "आण्णा, च्या टाकते, घिऊन जावा."

मी का बोलले नाही, असं माझ्या मुलीनं मला विचारलं होतं. तिला वाटतं, एक वाक्य तर होतं. पण ते वाक्य अठरा वर्षांच्या मुलीनं सांगलीच्या व्यापाऱ्यासमोर, बापासमोर, भावासमोर म्हणायचं, असं मलकापुरात कुणी ऐकलं नव्हतं. दादांना ते ठाऊक होतं. मला चोर ठरवायला याहून सोयीचे चार दिवस महिन्यात दुसरे नव्हते. आयुष्यभर मागितलेला ठिपका त्यांनी मला दिला तो असा.

दत्ताला गॅरेज चालवायचं होतं, त्याच्या दोन ठिपक्यांवर डाग पडून चाललं नसतं. मला तर जायचंच होतं. हिशेब सरळ आहे. मी त्यांच्या जागी असते तर मीही तसंच केलं असतं, असं काही समजूतदार लोक म्हणतात. मी केलं नसतं.

त्या दिवसापासून मला उंबरा बंद झाला, चार दिवसांसाठी नव्हे, कायमचा. वर्षाच्या आत लग्न होऊन सांगलीत आले. माणूस चांगला मिळाला. तो या गोष्टीत नाही. दुकान काढलं तेव्हा दादा एकदा बघायला आले होते. मशिनभोवती फिरले, एका गाडीचं चाक उगीच हलवून बघितलं. "हात इसरली न्हाईस," म्हणाले.

"नाही. काहीच विसरले नाही," मी म्हटलं.

त्यांनी चहा संपवला आणि कराडची बस धरली. त्या विषयावर आमच्यात झालेलं हे एवढंच बोलणं. आता ते नाहीत.

सोमवारी संध्याकाळी पाचला पारस गाडी बघायला आला, आणि त्याच्यासोबत काठी टेकत बंडूमामा. मी त्याला प्लास्टिकची खुर्ची दिली. त्यानं पाय समोर लांब केला. तो पाय वाकतच नाही. सांगलीत इतकी वर्षं तो मला लांबून दिसायचा, आणि दिसला की मी रस्ता ओलांडून पलीकडं जायचे. हा माणूस माझ्या नावानं लंगडतोय असं मला वाटायचं.

"शंकरची सुमी न्हवं का तू? आता तूच सुधरिव बाई ही गाडी. पावर का काय म्हनत्यात त्ये लाव. माझ्या टायमाला असतं तर खांदं तरी राह्यलं असतं."

मी आर्म त्याच्या हातात दिला. "मामा, यातला तिसरा ठिपका माझा नाही."

त्यानं अंगठ्यानं ठिपके चाचपले. "म्हाईत हाय मला."

"कधीपासून?"

"तवापासनंच. मी पानी मागितलं तवा तू दिलं न्हाईस. पोत्यावर बसलीवतीस. मला बी तीन पोरी हायत, कळतं की. आन् तू गावाला गेलीस म्हंजी गाडीला हात लावत न्हाईस, ह्ये शंकरनंच मला कवा सांगितलेलं, हसत."

"मग बोलला का नाही?"

"काय बोलू? मिरजंत खाटंवर पडून आण्णास्नी सांगू, पोरगी इटाळशी हुती म्हनून? तुझंच नाव खराब झालं असतं."

"माझं नाव खराब झालंच की, मामा."

त्यानं आर्म मांडीवर ठेवला. "व्हय," म्हणाला. "पर त्ये गाडीवाल्यात. मानसांत न्हाई." मग आर्म मला परत देऊन त्यानं विचारलं, "च्या हाय का?"

पारस फोनवर बोलत होता. मी चहा सांगितला. चहा येईपर्यंत मनाशी मोजलं: आई, दादा, दत्ता, बंडूमामा. सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या आण्णांना, आणि आण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. म्हणजे ज्याला खरं सांगावं असा माणूसच उरला नव्हता, आणि मी चौतीस वर्षं रस्ते ओलांडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या बसनं मी कराडला गेले. पिशवीत आर्म, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. मलकापूरच्या गॅरेजवर आता नवा पत्रा आहे, दोन लिफ्ट आहेत. मधली भिंत, दार आणि उंबरा आहे तसा आहे. पाच-सहा गिऱ्हाइकं बाकावर बसली होती. दत्ता एका जीपच्या चाकापाशी वाकला होता, हातात पंच.

"आक्का! न सांगता? थांब, घरात सांगतो च्याचं."

मी आर्म त्याच्या टेबलावर ठेवला. "बघ."

त्यानं कागद उलगडला. बघितलं. कान लाल झाले, लहानपणी व्हायचे तसे. "आक्का, आत चल. लोकं हायत हितं."

"म्हणून इथंच बोलते," मी म्हटलं. आवाज चढवला नाही. टायर कसा झिजलाय ते गिऱ्हाइकाला सांगते, त्याच आवाजात बोलले. "या गाडीचं काम तू केलं होतंस, पिनेच्या जागी खिळा घालून. त्यात बंडूमामाचा पाय गेला. जोडताना मी तिला शिवलेही नव्हते. मी गावाला पण गेले नव्हते. माझी पाळी आली होती, मी मागच्या पायरीवर बसले होते. हे तुला ठाऊक होतं, दादांना होतं, आईला होतं."

बाकावरचा एकजण पत्र्याकडं बघायला लागला. एकानं तंबाखूची डबी उघडली आणि तशीच हातात धरली. कॉम्प्रेसर भरत आला आणि थांबला. मग कडेचा माणूस म्हणाला, "मालक, माझी गाडी कवा हुईल?"

"व्हतीया की," दत्ता म्हणाला. त्याला बरं वाटलेलं दिसलं.

आतून आईचा आवाज आला. ती आता पंच्याऐंशीची आहे, दाराआडच्या खाटेवर असते, आणि कान शाबूत आहेत. "कोन आलंय रं?"

"कोन न्हाई, गिऱ्हाईक हाय," दत्ता म्हणाला.

"मी आलेय, आई. सुमी," मी गॅरेजमधूनच म्हटलं.

तिच्या उत्तरासाठी मी शंभरपर्यंत आकडे मोजले. मग पिशवीची घडी केली, आर्म तिथंच टेबलावर सोडला आणि परतीची बस पकडली. दुकानात आल्यावर हात धुतले, अँबेसेडरखाली शिरले आणि नव्या आर्मच्या दोन्ही नटांत नव्या पिना घालून त्यांची टोकं वाकवली.